पाळवणकर बाळू : चेंडू चालला, पेला चालला नाही

थोर क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे, चांभार कुटुंबात झाला. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. बॅट मात्र साहेबांनी त्यांच्या हाती दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदूंनी, बराच वाद घालून, त्यांना संघात घेतले. गोऱ्यांना हरवायचे तर हा डावखुरा गोलंदाज हवाच होता! मैदानात सारेच त्यांच्या चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. आपल्याला हीन लेखणाऱ्यांना उत्तर मिळाले म्हणून लोक आनंदले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९५५ साली बाळू वारले.

परदेशात कुणी आपल्याला रंगावरून हिणवले तर आपण चिडतो. चिडावेच. पण कल्याण-डोंबिवलीत खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते, तेव्हा तो राग कुठे जातो? साहेबाने बॅट नाकारली, आपण पेला नाकारला. दोन्ही अन्याय एकाच काट्यावर तोलले, तरच साहेबाला जाब विचारण्याचा हक्क आपल्याला उरतो.

(द्वितीय वर्ष, कला)