ब्रेकपॉइंटवाल्या बेट्टी

प्रोजेक्ट सर्व्हरवर ठेवून व्हिज्युअल स्टुडिओमध्ये डीबग करताना ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका पोकळ झालेला पाहिलाय? सबमिशनच्या आदल्या रात्री, नाशिकच्या थंडीत कुडकुडत, आमचं दोन वाजेपर्यंत तेच चाललं होतं. प्रोग्राम थांबायचं नावच घेईना! तेव्हा प्रश्न पडला, प्रोग्रामला मध्येच थांबवायची ही आयडिया मुळात कोणाची?

तिचं श्रेय बेट्टी होल्बर्टन यांना दिलं जातं. माहेरच्या स्नायडर. जन्म ७ मार्च १९१७, फिलाडेल्फिया. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी त्यांना घरी बसून मुलं सांभाळायचा सल्ला दिला. बेट्टींनी गणित सोडून पत्रकारिता घेतली. पण दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं करायला माणसं हवी होती. बेट्टी परत गणिताकडे वळल्या आणि १९४५ मध्ये ‘एनिॲक’च्या सहा महिला प्रोग्रामर्सपैकी एक झाल्या.

३० टनांचं ते धूड, त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब्ज. मॅन्युअल नाही, प्रोग्रामिंग लँग्वेज नाही. नुसत्या ड्रॉइंग्जवरून या सहाजणी मशीन शिकल्या. प्रोग्राम म्हणजे केबल्स आणि स्विचेस. चूक शोधायची तर हवी तिथली केबल उपसायची, की मशीन तिथेच थांबायचं. तोच ब्रेकपॉइंट!

फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर प्रात्यक्षिक होतं. आदल्या रात्री लक्षात आलं, की गोळा जमिनीवर पडल्यावरही मशीनचं गणित चालूच राहतंय. बेट्टी घरी जाऊन झोपल्या, सकाळी उत्तर घेऊनच उठल्या आणि फक्त एक स्विच बदलला. प्रात्यक्षिक गाजलं. रात्रीच्या मेजवानीचं बोलावणं मात्र या सहाजणींना नव्हतं.

पुढे त्यांनी युनिव्हॅकवर काम केलं, सॉर्टिंगचे प्रोग्राम स्वतःच तयार करून देणारा प्रोग्राम लिहिला, कोबोल घडवण्यात भाग घेतला. एडा लव्हलेस पुरस्कार मिळायला मात्र १९९७ साल उजाडलं. ८ डिसेंबर २००१ रोजी त्या गेल्या.

आणि आमचा एरर? सर्व्हरवरचा सोर्स नवा होता, चालणारी बिल्ड जुनी. दोन्ही जुळत नव्हते, म्हणून ठिपका पोकळ! प्रोजेक्ट लोकल ड्राइव्हवर कॉपी केला, क्लीन करून रीबिल्ड केला, आणि ठिपका भरला. स्क्रीनवर दिसतं ते आणि मशीन चालवतं ते एकच आहे का, हे आधी बघायचं. बेट्टींना ते केबल हातात धरूनच कळत होतं. आम्हाला कळायला रात्रीचे दोन वाजले!