अयनचलनाचे अभ्यासक कोलब्रुक

कोलकाता : कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी बंगालमध्ये आलेले हेन्री टॉमस कोलब्रुक (१७६५-१८३७) पुढे फोर्ट विल्यम महाविद्यालयात संस्कृतचे मानद प्राध्यापक झाले. महाविद्यालयाचे नाव किल्ल्याचे असले, तरी वर्ग रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत.

दिवस व रात्र समान करणारे संपातबिंदू नक्षत्रांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतात. म्हणूनच सूर्य डिसेंबरात उत्तरेकडे वळतो आणि मकरसंक्रांत जानेवारीत येते. हे अंतर वाढतच जाणार काय, याविषयी भारतीय ज्योतिर्विदांत मतभेद होते. सूर्यसिद्धान्तानुसार संपात २७ अंशांपर्यंत जाऊन परत फिरतो. भास्कराचार्यांनी उल्लेखिलेल्या मुंजालाच्या मते तो पूर्ण चक्र फिरतो. तसे असेल, तर संक्रांत कालांतराने प्रत्येक ऋतूत येईल. आधुनिक खगोलशास्त्राने मुंजालाचाच पक्ष खरा ठरविला.

भारतीय ज्योतिषाच्या प्राचीनतेवर कोलकात्यातच जॉन बेंटली शंका घेत होते. कोलब्रुक यांनी मूळ ग्रंथ ताडून हे दोन्ही पक्ष १८१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. पुढच्याच वर्षी त्यांचे लीलावती व बीजगणित यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. अखेरच्या वर्षांत मात्र त्यांची दृष्टी गेली होती.