लक्ष्मीबाईंच्या घरचे ठोमरे

ठाण्यात टेंभी नाक्यावर राहणाऱ्या माझ्या बँकेतल्या ख्रिस्ती मित्राला नैराश्याने घेरले, तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसाराची ताटातूट झाली. बाई दुःखाने पार खचल्या. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. पुढे नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहिले. ठोमरे हिंदू आणि स्वभावाने उदास. बाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. १९१८ साली भादली स्थानकाजवळ ठोमरे रेल्वेखाली गेले. वय अवघे २७.

मित्राचे औषध डॉक्टर पाहतात. मी रविवारी नुसता जाऊन बसतो. तो हल्ली चर्चला जात नाही. मी विचारत नाही. परवा मात्र चहात साखर कमी म्हणून कुरकुरला.