जिनिव्हाच्या बोगद्यात भाभांचं गणित

रीडिंगहून ट्रेन पकडली की थोड्याच वेळात डिडकॉट येतं. तिथून जवळच, हार्वेलला, रदरफर्ड ॲपलटन लॅबोरेटरी आहे. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरी टिपणारी जी अजस्र यंत्रं आहेत, त्यांच्या कामात इथल्या शास्त्रज्ञांचाही मोठा वाटा आहे. आमच्या मराठी मित्रमंडळींत तो विषय निघाला की मी हटकून होमी भाभांचं नाव काढतो. भाभा म्हटलं की आपल्याला ट्रॉम्बे आणि अणुशक्ती आठवते. पण या टकरींच्या प्रयोगांतही त्यांचं नाव रोजच्या वापरातलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर, आत्या दोराबजी टाटांच्या पत्नी. १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवलं ते मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी. शिकून यायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागायचं, असा घरचा बेत. (आपल्याकडे मुलांचं अजून असंच ठरतं!) पण होमींचा जीव भौतिकशास्त्रात अडकला. इंजिनीअरिंग आपल्या पिंडात नाही, असं त्यांनी वडिलांना पत्राने सरळ कळवलं. वडिलांनी तोडगा काढला: आधी इंजिनीअरिंगला फर्स्ट क्लास आण, मग गणितासाठी आणखी राहा. १९३० मध्ये पठ्ठ्याने फर्स्ट क्लास आणला आणि स्वतःच्या वाटेला लागला.

१९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला. हा इलेक्ट्रॉनचा जुळा, फक्त विद्युतभार उलटा. हे दोघं एकमेकांवर आदळले तर कोणत्या कोनात, किती प्रमाणात फेकले जातील, याचं गणित भाभांनी मांडलं. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. आज त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. बंगळूरला रामन यांच्या संस्थेत ते काम करू लागले. युद्ध संपल्यावर युरोपात जाणं त्यांना अवघड नव्हतं. पण मार्च १९४४ मध्येच त्यांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली होती. पुढे अणुऊर्जा आली तर तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. मुंबईत तिचा पहिला संसार पेडर रोडच्या एका बंगल्यात थाटला. आम्हा बाहेर स्थायिक झालेल्यांना हा भाग वाचताना जरा टोचतंच.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. ते जिनिव्हालाच उतरायचं होतं. भाभा तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते.

त्याच जिनिव्हाजवळ १९८९ मध्ये २७ किलोमीटरच्या बोगद्यात लेप हे यंत्र सुरू झालं. त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच आदळवायचे! अशा ठिकाणी नवं भौतिकशास्त्र शोधायचं म्हणजे गणिताने सांगितलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत फरक दिसतो का, ते बघायचं. त्यासाठी आधी एकूण टकरींचा हिशोब पक्का हवा. शाळेतल्या अपूर्णांकात छेद चुकला तर अंश कितीही बरोबर असून उपयोग नाही, तसंच हे. लेपमध्ये हा छेद भाभा स्कॅटरिंग मोजून काढत. तिथल्या एल-३ प्रयोगात टीआयएफआरची मंडळीही होती.

न्यूट्रिनोचे प्रकार किती, याचं लेपचं उत्तर आलं २.९८४. हवे होते ३. फरक छोटा, पण मनात पाल चुकचुकावी एवढा. यात काही नवं दडलंय का? २०१९-२० मध्ये उलगडा झाला. समोरून येणाऱ्या कणांच्या झोताच्या ओढीने भाभा स्कॅटरिंगमधले कण किंचित वळत होते, त्यामुळे छेद सुमारे एक हजारांशाने चुकला होता. ती दुरुस्ती आणि आणखी अचूक आकडेमोड केल्यावर उत्तर आलं २.९९६३. नवं काही सापडलं नाही, पण तीस वर्षांपूर्वीचा हिशोब चोख झाला.

आता सर्नमध्ये सुमारे ९१ किलोमीटर घेराच्या नव्या यंत्राचा विचार चालू आहे. त्यातही आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच आदळवायचा बेत आहे. तो तडीस गेला, तर तिथला छेदही भाभांच्याच गणिताने निघेल.