डॅन्यूबकाठचा वास्तुशिल्पी : इम्रे श्टाइंडल

युरोपातील हंगेरी या देशाची राजधानी बुडापेस्ट. या शहरातून डॅन्यूब नदी वाहते. नदीच्या पूर्व काठावर एक भव्य पांढरी इमारत उभी आहे. टोकदार मनोऱ्यांची रांग आणि मधोमध उंच घुमट असलेली ही इमारत म्हणजे हंगेरीचे संसद भवन. ते ज्यांनी उभारले, त्या इम्रे श्टाइंडल यांची ही ओळख.

श्टाइंडल यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८३९ रोजी पेस्ट येथे झाला. त्या वेळी बुडा आणि पेस्ट ही नदीच्या दोन काठांवरची वेगवेगळी शहरे होती. ती ओबुडासह एकत्र येऊन १८७३ मध्ये बुडापेस्ट झाले. आरंभीचे शिक्षण बुडा येथे घेऊन श्टाइंडल पुढील अभ्यासासाठी व्हिएन्नाच्या कला अकादमीत गेले. तेथे त्यांना फ्रीडरिश श्मिट हे गुरू लाभले. श्मिट हे मुळात पाथरवटाचे काम शिकलेले आणि कोलोनच्या प्रसिद्ध कॅथेड्रलवर काम केलेले. त्यांच्याकडून श्टाइंडल यांनी गॉथिक शैलीचे मर्म घेतले. टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे आणि दगडातील बारीक नक्षी ही या शैलीची लक्षणे होत. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ज्यांनी पाहिले असेल, त्यांना याची चांगली कल्पना येईल. तेही गॉथिक वळणाचेच असून १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले.

मायदेशी परतल्यावर श्टाइंडल बुडापेस्टच्या तंत्रशिक्षण विद्यापीठात शिकवू लागले आणि पुढे प्राध्यापक झाले. केवळ फळ्यावर आकृत्या काढून वास्तुकला येत नाही, हे ते जाणून होते. जुन्या वास्तू प्रत्यक्ष पाहाव्यात, त्यांची मोजमापे घ्यावीत, चित्रे काढावीत, असा त्यांच्या शिकवण्याचा रोख होता. पेस्टचे नवे नगरभवन ही त्यांची सुरुवातीची महत्त्वाची इमारत. जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धारही त्यांनी केला. कोशित्से (आज स्लोव्हाकियात) येथील सेंट एलिझाबेथ कॅथेड्रल हे त्यांपैकी एक. मात्र जुनी वास्तू शैलीच्या दृष्टीने शुद्ध आणि परिपूर्ण करण्याच्या ओढीने त्यांनी तिच्या मूळ रचनेतही मोठे फेरफार केले. त्याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी त्यांना दोष दिला. थोरांचेही सर्वच निर्णय बरोबर असतात असे नाही.

१८६७ मध्ये हंगेरीला ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात राहूनच अंतर्गत कारभाराचे स्वातंत्र्य मिळाले. परंतु देशाच्या संसदेला साजेसे स्वतःचे घर नव्हते. ते बांधायचे ठरल्यावर आराखड्यांची स्पर्धा घेण्यात आली. १९ आराखडे आले आणि बांधकामासाठी श्टाइंडल यांची निवड झाली. स्पर्धेतील दुसरे नामवंत वास्तुशिल्पी आलायोश हाउसमान यांनी पुढे याच चौकात, संसदेसमोर, न्यायभवन बांधले.

१८८५ मध्ये कामाला सुरुवात झाली. नदीकाठची जमीन मऊ, म्हणून आधी काँक्रीटचा जाड पाया घालावा लागला. त्यावर सुमारे ४ कोटी विटा चढल्या. इमारत २६८ मीटर लांब आहे. तिच्यात ६९१ खोल्या, १० चौक आणि २९ जिने आहेत. घुमटाची उंची ९६ मीटर. मॅग्यार लोक या भूमीत इ. स. ८९६ मध्ये आले असे मानतात. १८९६ मध्ये त्याला हजार वर्षे झाली. घुमटाच्या आकड्यात त्याचीच आठवण गुंफली आहे. त्या वर्षी अपुऱ्या इमारतीतच संसदेचा सोहळा झाला. घुमटाच्या दोन्ही अंगांना दोन सभागृहांची सारखीच दालने आहेत. देशातलेच साहित्य आणि देशातलेच कारागीर शक्य तितके वापरायचे, असे धोरण होते.

हे काम १७ वर्षे चालले आणि तेवढ्यात श्टाइंडल यांची प्रकृती ढासळत गेली. इमारत पुरी होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली, असे सांगितले जाते. तरी काम त्यांनी सोडले नाही. ३१ ऑगस्ट १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये, संसद नव्या घरात आली. राहिलेली कामे १९०४ पर्यंत पूर्ण झाली.

इमारतीचा चुनखडीचा दगड मऊ निघाला. शहराच्या हवेत तो झिजू लागला आणि १९२५ पासून दुरुस्त्या सुरू कराव्या लागल्या. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या कारागीर झिजलेले दगड काढून नवे बसवत आले आहेत. म्हणजे श्टाइंडल यांनी सुरू केलेले काम एका अर्थाने पुढे चालूच राहिले.

मित्रांनो, उद्घाटनाच्या दिवशी ज्याने पहिल्या रांगेत बसायचे, तोच तेथे नव्हता. पण लावलेल्या झाडाची सावली आपल्यालाच मिळाली पाहिजे, असा हट्ट न धरता जे राबतात, त्यांचेच काम मागे उरते. डॅन्यूबच्या पाण्यात आजही त्या घुमटाचे प्रतिबिंब पडते, हीच या शिक्षकाची खरी स्मृती.