ना टूर मॅनेजर, ना सोबत महाराज! कल्याणच्या आनंदीबाईंनी १८८३ मध्ये अमेरिकेत जेवणाचं काय केलं?

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमध्ये कुठल्याही टूर कंपनीच्या ऑफिसात बसलात, तर युरोप-अमेरिकेच्या सहलीबद्दल दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. जेवण आपलं मिळेल का? आणि मोकळा वेळ किती? ग्रुप टूरसोबत स्वयंपाकी जातात, थेपले-चिवड्याची पाकिटं बॅगेत असतात. तरीही धाकधूक असतेच.

यातलं काहीही नव्हतं, त्या काळात कल्याणमध्ये वाढलेली एक १८ वर्षांची मुलगी एकटी अमेरिकेला गेली होती. तिच्यासाठी जेवणाचा प्रश्न नुसता चवीचा नव्हता. धर्म, शब्द आणि तब्येत असं सगळंच त्यात अडकलं होतं. ही गोष्ट आहे डॉ. आनंदीबाई जोशी यांची.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात त्यांचं बालपण गेलं. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. गोपाळराव वयाने जवळपास २० वर्षांनी मोठे आणि बायकोला शिकवायचंच या हट्टाला पेटलेले. त्यांचा स्वभाव तापट होता आणि अभ्यासावरून ते कठोरही व्हायचे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. बायकांना स्त्री डॉक्टर मिळत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं. डॉक्टर व्हायचं तिथेच पक्कं झालं.

मदत मिळाली ती दाताच्या दवाखान्यातून

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ख्रिस्ती व्हा, मग मदत करू, असा सूर आला. दोघांनी नकार दिला. पण तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तो वाचला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र धाडलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानण्याचा तो काळ होता. गोपाळराव तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. तिथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा शब्द दिला. म्हणजे परदेशात ताटात काय वाढून घ्यायचं, हे आता सगळ्या समाजाच्या डोळ्यांसमोर होतं.

५८ दिवसांचा प्रवास

७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून बोट सुटली. गोपाळराव सोबत नव्हते. सोबत होत्या त्या मिशनरी बायका. मांसाहारी जेवणाच्या बोटीवर शाकाहारी माणसाच्या वाट्याला फार थोडं यायचं. इंग्लंडमार्गे ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

कॉलेज सुरू होईपर्यंतचा उन्हाळा त्यांनी रोसेलला मावशींच्या घरी काढला. तिथे त्यांना घरपण मिळालं. त्यांनी स्वतः स्वयंपाक करून तिथल्या मंडळींना आपल्या पद्धतीचं जेवणही वाढलं.

खरी परीक्षा फिलाडेल्फियात

मग फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दिवसभर लेक्चर आणि अभ्यास, वर कडाक्याची थंडी. खोली उबदार ठेवण्याची धड सोय नव्हती आणि शाकाहारी जेवण हवं तर अनेकदा स्वतःच रांधायचं. साडी त्यांनी सोडली नाही. फक्त थंडीत पाय झाकले जावेत म्हणून नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. रिकामा वेळ पत्रं लिहिण्यात जायचा आणि सुट्टी लागली की रोसेल.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली.

जेवणामुळे त्या गेल्या का?

असं सर्रास म्हटलं जातं, पण ते अर्धवट आहे. त्यांना क्षय झाला होता आणि क्षय जंतूंमुळे होतो. तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावरचं पहिलं प्रभावी औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. आनंदीबाईंची तब्येत निघण्याआधीही नाजूकच होती. अपुरं पोषण, थंडी आणि अभ्यासाचा ताण यांनी शरीराची झुंज देण्याची ताकद कमी झाली असणार, एवढं म्हणता येतं.

१८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. पण कोल्हापूरची नोकरी सुरू करता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा २२ वा वाढदिवस महिन्याभरावर होता.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. पुढच्या वेळी अमेरिकेच्या टूरमध्ये एखादा दिवस मोकळा मिळाला, तर कल्याणच्या या लेकीला भेटून यायला हरकत नाही.