दर्यावर्दी जेम्स कुक

जेम्स कुक यांचा जन्म २७ ऑक्टोबर १७२८ रोजी इंग्लंडमधील मार्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करीत. घरची गरिबीच होती. त्या शेताच्या मालकाने जेम्सच्या शाळेचे पैसे भरले. पुढे त्यांना समुद्रकाठी एका दुकानात कामाला ठेवले, पण तिथे त्यांचं मन काही रमेना. मग ते कोळशाच्या जहाजावर गेले. नंतर १७५५ साली ते आरमारात शिरले आणि नकाशे काढायला शिकले.

१७६८ साली ते एन्डेव्हर नावाचे जहाज घेऊन लांबच्या सफरीला निघाले. १७६९ च्या ऑक्टोबरात जहाजावरच्या निक नावाच्या मुलाला सगळ्यांच्या आधी जमीन दिसली. तो आमच्यापेक्षा थोडासाच मोठा होता. ती जमीन म्हणजे न्यूझीलंड. आपल्या वर्गातल्या जगाच्या नकाशात अगदी खाली उजव्या कोपऱ्यात आहे बघा. तिथल्या पांढऱ्या कड्याच्या टोकाला कुक यांनी निकचे नाव दिले.

मग सहा महिने ते त्या देशाच्या कडेकडेने फिरले. किनारा खडकाळ, वारा जोराचा. दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्यात सोडायचे. दोरी किती आत गेली त्यावरून खोली कळे. वजनाच्या बुडाला चरबी लावत. तिला वाळू नाहीतर चिखल चिकटून वर येई, म्हणजे तळाला काय आहे तेही समजे. मी आमच्या विहिरीत असं करून बघणार होतो, पण आई ओरडली.

प्रत्येक टोकाला, खाडीला ते नाव देत आणि लिहून ठेवत. एका ठिकाणी आत गेलो तर वारा बाहेर येऊ देईल का, अशी त्यांना शंका आली. ते आत गेलेच नाहीत. त्या जागेचे नाव पडले शंकेचे बंदर! निकच्या टोकाजवळच्या उपसागरात त्यांना खायला काही मिळाले नाही, म्हणून त्याचे नाव दारिद्र्याचा उपसागर ठेवले.

पण तिथे माओरी लोक आधीपासून राहत होते. कुक यांच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यातले काही जण मेले. हे वाचून मला वाईट वाटलं. त्या उपसागराला माओरींचे नाव होतेच, तुरंगानुई-आ-किवा. निकच्या टोकालाही होते. त्याचा अर्थ पाओआचा कुत्रा. आता उपसागराच्या सरकारी नावात दोन्ही नावे लिहितात.

कुक यांचा नकाशा फार चांगला होता, तरी त्यात दोन चुका राहिल्या. जमिनीला जोडलेला एक डोंगराळ भाग त्यांनी बेट म्हणून काढला आणि एक खरे बेट जमिनीला जोडून टाकले.

तिसऱ्या सफरीत हवाई बेटावर त्यांची एक होडी चोरीला गेली. ती परत मिळावी म्हणून ते तिथल्या राजालाच धरून न्यायला गेले. तसं करायला नको होतं. लोक चिडले, मारामारी झाली आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजी कुक तिथेच किनाऱ्यावर मारले गेले. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.

(इयत्ता ४ थी)